आरसा नाण्याचा की ठशाचा?

"सीलबंद डबी मीच फोडली. नाण्याला बोटसुद्धा लावलं नाही. मग ह्याची एक बाजू लख्ख आणि दुसरी धुरकट कशी?"

मुंबईच्या टांकसाळीतून स्मारक नाणी मागवणारे लोक आता शहरापुरते राहिलेले नाहीत. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावीही, यशवंतगडाच्या पायथ्याशी खाडीकाठी असलेल्या घरात, पोस्टाने ही डबी येऊन पडते. डबी उघडल्यावर पहिला प्रश्न हाच निघतो. ऐकणारे लगेच पोस्टाला दोष देतात, कुणी खाऱ्या हवेला देतो, कुणी डबीतल्या प्लास्टिकला. हवेचा दोष कधी कधी असतोही, त्याकडे शेवटी येऊ. पण पुष्कळदा हे तिघेही निर्दोष असतात. नाणे नवेच असते. ते ज्या ठशातून पडले तो ठसा थकलेला असतो.

हे पटायला थोडे अवघड जाते, कारण झिजणे ही वापरलेल्या वस्तूची गोष्ट असे आपण धरून चालतो. जे नाणे बाजारात गेलेच नाही ते झिजेल कसे? नाणे झिजलेले नाहीच. झीज त्याच्या जन्माआधी झाली आहे.

१. प्रूफ ही प्रत नव्हे, पद्धत आहे

प्रूफ म्हणजे 'सर्वांत चांगल्या अवस्थेतले नाणे' असा एक समज पक्का बसला आहे. तो काढून टाकल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. पूर्वी नवा ठसा तयार झाला की तो बरोबर उमटतो आहे ना हे पाहण्यासाठी चार-दोन नाणी फार काळजीपूर्वक पाडत. ती अधिकाऱ्यांना दाखवायची, मंजुरी घ्यायची, मग मोठे काम सुरू करायचे. ही पारखण्याची नाणी म्हणजे प्रूफ. ती इतकी देखणी दिसत की लोक ती संग्रहासाठी मागू लागले आणि टांकसाळी ती मुद्दाम बनवू लागल्या.

आज प्रूफ म्हणजे नाणे पाडण्याची एक ठरावीक रीत. ठसा आरशासारखा घासून काढतात. ज्या कोऱ्या चकतीवर छाप उमटवायचा ती चकतीही चकाकवून घेतात. बाजारातल्या नाण्याला एकच ठोका मिळतो आणि यंत्र मिनिटाला कित्येकशे नाणी ओतते. प्रूफला सावकाश, निदान दोन ठोके देतात. नंतर ते हातमोजे घालून उचलायचे आणि पारदर्शक डबीत बंद करायचे. परिणाम असा दिसतो की मोकळी जागा काळ्याशार आरशासारखी आणि त्यावरचे चित्र दुधी, मंद. संग्राहक त्या दुधी भागाला फ्रॉस्ट म्हणतात.

आपल्याकडे १९५० मध्ये प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली तेव्हाच मुंबईच्या टांकसाळीने त्यांचे प्रूफ संच काढले होते. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला १० रुपयांचे चांदीचे नाणे निघाले, १५ ग्रॅम वजनाचे, ८० टक्के चांदीचे, आणि हा छंद जरा पसरला. त्या सुमारापासून मुंबईच्या प्रूफ नाण्यावर सालाखाली इंग्रजी 'बी' अक्षर दिसते. शहराचे नाव बदलल्यावर, १९९६ पासून, त्याचे 'एम' झाले. बाजारातल्या मुंबईच्या नाण्यावर मात्र सालाखाली छोटा चौकट आकाराचा ठिपका असतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसाला जवळची वाटावीत अशी दोन नाणी स्मारक नाण्यांच्या मालिकेत आहेत. लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीनिमित्त २००७ सालचे १०० रुपयांचे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये निघालेले १२५ रुपयांचे. टिळक रत्नागिरीत जन्मले, बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगडजवळचे आंबडवे. अशा मोठ्या स्मारक नाण्यांचे माप वर्षानुवर्षे ठरलेले होते: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. ही आकडेवारी लक्षात असू द्या, थोड्या वेळात हिशेबाला लागेल.

प्रूफ ही पद्धत असल्यामुळे तिच्यातून चांगले नाणे निघू शकते तसे मध्यम नाणेही निघू शकते. डबीवर 'प्रूफ' लिहिलेले असते. ठशातून पडलेले ते कितवे नाणे, हे कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मते या छंदातली निम्मी निराशा एवढ्या एका न लिहिलेल्या आकड्यामुळे आहे.

२. ठशावर सगळे उलटे असते

ठसा, कारखान्यात म्हणतात ती डाय, हा पोलादाचा जाडजूड ठोकळा. नाण्यावर जे उंच दिसते ते ठशावर खोल असते. टिळकांची पगडी नाण्यावर वर उचललेली आहे, म्हणजे ठशावर तिथे खड्डा आहे. आणि नाण्यावरची सपाट मोकळी जागा ही ठशावरची सगळ्यांत उंच जागा असते. हा उलटेपणा नीट डोक्यात बसवला की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

ठसा थेट कोरत नाहीत. आधी चित्राचे मोठे शिल्प करतात, ते यंत्राने लहान करून पोलादावर उतरवतात, त्यापासून उठावाचा एक मूळ छाप तयार होतो आणि तो मऊ पोलादात दाबून कामाचे ठसे काढतात. मग ठसा तापवून, एकदम गार करून कडक करतात. इथवर बाजारी नाण्याचा ठसा आणि प्रूफचा ठसा सारखेच. फरक पुढे पडतो. प्रूफच्या ठशाची उंच सपाटी हिऱ्याच्या बारीक भुकटीने, आणखी बारीक, त्याहून बारीक अशी पायरी पायरीने घासत नेतात. चित्राचे खड्डे मात्र जाणूनबुजून खरखरीत करतात. पूर्वी हे आम्लाने किंवा वाळूच्या माऱ्याने होई, आता बऱ्याच टांकसाळी लेसर वापरतात. शेवटी ठशावर क्रोमचा पातळ मुलामा चढवतात, म्हणजे तो जास्त टिकतो.

म्हणजे प्रूफ नाण्यावरचा आरसा नाण्यावर कुणी केलेला नसतो. तो ठशावर केलेला असतो आणि दाबाखाली नाण्यावर उतरतो. दुधी भागाचेही तेच. ठशाची सपाटी बिघडली की आरसा बिघडला. खड्ड्यातला खरखरीतपणा गुळगुळीत झाला की दुधीपणा गेला. ठशाला दोन्ही बाजूंनी मार आहे आणि दोन्ही मार विरुद्ध दिशांचे आहेत: जे गुळगुळीत आहे ते खरखरीत होते आणि जे खरखरीत आहे ते गुळगुळीत होते. वापर वाढत जातो तशी दोघांची भेट मध्ये कुठेतरी होते आणि चित्र व पार्श्वभूमी एकाच राखी रंगाची दिसू लागतात.

३. आरसा म्हणजे किती गुळगुळीत?

पहाटे वारा पडलेला असताना जैतापूरच्या खाडीचे पाणी पाहिले तर पलीकडच्या माडांची प्रतिमा शेंड्यापर्यंत स्पष्ट दिसते. आठ-नऊ वाजता वारा सुटतो. पाण्याची पातळी तीच, रंग तोच, लाटा म्हणाव्यात एवढ्याही उठलेल्या नसतात, नुसती शिरशिरी असते. पण माड गायब होतात आणि पाणी नुसते चमचमत राहते. प्रकाश तेवढाच परत येतो, फक्त एका दिशेने न येता चहूकडे विखरून येतो. आरसा जातो, चमक उरते.

नाण्यावर ही शिरशिरी किती बारीक असली तरी पुरते? हिशेब सोपा आहे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर सरासरी अर्धा मायक्रॉन. पृष्ठभागाची उंचसखलता या लहरीच्या साधारण दहाव्या भागाच्या आत राहिली, म्हणजे ०.०५ मायक्रॉन, तर तो चांगला आरसा. ७० ला ०.०५ ने भागा: १४००. केसाच्या जाडीचे १४०० भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीच चूक ठशाला माफ आहे. बाजारी नाण्याच्या ठशावर याच्या कितीतरी पट ओरखडे पडले तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत.

म्हणून प्रूफचा ठसा लवकर 'म्हातारा' ठरतो. तो मोडलेला नसतो, नाणे पाडू शकत असतो. आरसा मात्र देऊ शकत नाही. बाजारी नाण्याचा ठसा लाखांच्या घरात ठोके सोसतो. प्रूफच्या ठशाचे आयुष्य काही हजारांत, कधी त्याहूनही कमी.

४. ठोका पडतो तेव्हा

आता ४४ मिलिमीटरचे ते स्मारक नाणे घ्या. त्रिज्या २.२ सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस सेंटिमीटर. समजा यंत्राने ३०० टनांचा दाब दिला. ३०० भागिले १५, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० टन. नखाएवढ्या जागेवर मालाने भरलेला मोठा ट्रक. एवढ्या दाबाखाली थंड धातूसुद्धा वाहू लागतो. तो वितळत नाही, घनच राहतो, तरीही सरकतो.

कुठे सरकतो? एक तर खड्ड्यांत, म्हणजे चित्रात आणि अक्षरांत. दुसरे बाहेरच्या दिशेने, मध्यापासून कडेकडे, जोवर भोवतालचे पोलादी कडे त्याला अडवत नाही तोवर. हे सरकणे म्हणजेच घासणे. दर ठोक्याला चकतीचा धातू ठशाच्या सपाटीवरून प्रचंड दाबाखाली थोडासा घसटत जातो. एका ठोक्याने काही होत नाही. पण घसटण्याची दिशा दर वेळी तीच, मध्याकडून कडेकडे. शंभर, पाचशे, हजार ठोक्यांनंतर ठशावर अतिसूक्ष्म चऱ्या पडतात, सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर पसरलेल्या. मग प्रत्येक नव्या नाण्यावर त्या चऱ्या उमटू लागतात.

इथे एक गंमत आहे. बँकेतून आणलेला अगदी नवा रुपया दिव्याखाली फिरवून पाहा. त्यावर उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ही झळाळी नाणे संग्राहकांना फार प्रिय. ती असेल तर नाणे वापरात गेलेले नाही असे ते मानतात. ती झळाळी देतात त्या याच चऱ्या. अगदी ताज्या घासलेल्या ठशातून पडलेल्या बाजारी नाण्यावर ती उलट कमी दिसते. म्हणजे एकाच झिजेचे दोन ठिकाणी दोन भाव: रुपयावर ती शोभा आणि प्रूफवर डाग.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. जिथे धातूला जास्त लांब सरकावे लागते तिथे, म्हणजे कडेजवळ, अक्षरांच्या बाहेरच्या अंगाला आणि उंच चित्राच्या अवतीभवती, चऱ्या आधी दिसतात. सालाचे आकडे, टांकसाळीची खूण आणि काठाचे लेखन यांच्या भोवतीचा आरसा पहिला जातो. मध्यावरचा बराच उशिरा.

दुधी भागाचे आयुष्य आणखी तोकडे. त्याचा खरखरीतपणा म्हणजे सूक्ष्म टोके. टोके आधी बोथट होणार, हे उघड आहे. क्रोमचा मुलामा रुळण्याआधी, म्हणजे १९७० च्या दशकापूर्वी, अमेरिकेच्या टांकसाळीत नव्या ठशाची पहिली काही डझन नाणीच ठळक दुधी चित्राची निघत. पुढची आरसा असूनही चित्र चकचकीत झालेली. आज त्या पहिल्या नाण्यांना त्याच साली, त्याच ठशातून पडलेल्या भावंडांच्या कित्येक पट किंमत येते. मुलाम्याने हे आयुष्य वाढवले, संपवले मात्र नाही. मुलामाही कधीतरी झिजतो आणि तोही सगळीकडून एकदम जात नाही. तो जिथे उडाला तिथे नाण्यावर वेगळ्या चमकेचा चट्टा दिसतो.

धातूप्रमाणे हिशेब बदलतो. चांदी मऊ, ठशाला सोयीची. तांब्यात निकेल घातले की ते कडक होते. आपल्या देशात तांबे-निकेलची सुरुवात मुंबईच्या टांकसाळीत १९०७ पासून पाडलेल्या नागमोडी कडेच्या एक आण्याने झाली. १९९२ मध्ये स्टीलचा रुपया आला. स्टील ठशाला फार जड जाते, म्हणून स्टीलच्या नाण्यांवरचे चित्र उथळ ठेवावे लागते. संचातले मोठे चांदीचे नाणे सुरेख आणि सोबतचे ५ किंवा १० रुपयांचे छोटे नाणे फिके, असा अनुभव पुष्कळांना येतो. किमतीवरून कारागिरीत भेद केला असेल असे वाटते. बहुतेक वेळा भेद धातूचा असतो.

थकलेल्या ठशाचे काय करतात? सगळ्यांत बरे म्हणजे टाकून देणे. पण ठसा महाग आणि वेळखाऊ. म्हणून तो काढून पुन्हा घासतात. घासताना पडणारे बारीक ओरखडे ठशावर खोल असतात, तेव्हा नाण्यावर ते उंच रेषांच्या रूपात येतात. शिवाय प्रत्येक घासणीत सपाटी जराशी खाली जाते. सपाटी खाली गेली की उथळ खड्डे आणखी उथळ होतात आणि सर्वांत उथळ तपशील, केसांच्या बटा, वस्त्राची चुणी, अक्षराचे शेपूट, नाहीसे होतात. याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९३७ सालचे अमेरिकेच्या डेन्व्हर टांकसाळीचे ५ सेंटचे नाणे. त्यावर गवा आहे. ठसा अति घासल्यामुळे गव्याचा पुढचा एक पाय गेला आणि तीन पायांचा गवा बाजारात आला. ते प्रूफ नव्हते, साधे नाणे होते, पण घासणी काय करू शकते ते त्याच्याइतके स्पष्ट कुणी दाखवलेले नाही.

ठसा शेवटी तडकतोही. फट ठशात खोल, नाण्यावर उंच: काठापासून अक्षरांमधून जाणारी वाकडीतिकडी बारीक धार. प्रूफमध्ये अशी नाणी सहसा तपासणीत बाजूला काढली जातात. सहसा.

५. शिवराईचे ठसे

यंत्र येण्याआधी ही अडचण नव्हती असे नाही. ती कितीतरी मोठी होती. कोकणात अजून अनेक देवघरांत शिवराई सापडते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची किनार. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू केलेला हा तांब्याचा पैसा पेशवाईतही पडत राहिला आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होता.

दहा शिवराया शेजारी मांडल्या तर दहाही वेगळ्या दिसतात. कुठे शिव, कुठे सिव. पतिची वेलांटी कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. कुठे राजाचा काना दुसऱ्या बाजूला सरकलेला. लोक याचे खापर कारागिराच्या निरक्षरतेवर फोडतात. मला ते अर्धवट वाटते. हाताने नाणे पाडताना खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे आणि वरचा हातात धरून त्यावर घण मारत. घणाचा सारा मार वरच्यावर, म्हणून तो लवकर संपे. तांब्याची मागणी मोठी, टांकसाळी अनेक, ठेकेदारांच्या हाती, आणि ठसे मूळ छापावरून न निघता एकेक हाताने कोरलेले. ठसा संपला की नवा कोरायचा, तोही घाईत आणि बहुधा समोरच्या जुन्या नाण्याकडे पाहून. दर वेळी एखादी मात्रा इकडची तिकडे जाणारच. शिवराईचे वैविध्य हा बऱ्याच अंशी झिजलेल्या ठशांचा हिशेब आहे.

या नाण्यांवर एक उपयोगी भेद शिकता येतो. वापरून झिजलेल्या शिवराईवर अक्षरांचे माथे आधी सपाट होतात, कारण हात आणि इतर नाणी उंच भागालाच लागतात. थकलेल्या ठशातून पडलेल्या शिवराईवर अक्षरे जाड, पसरट, एकमेकांत शिरलेली दिसतात, किनारीचे ठिपके जोडले जाऊन दोरी झालेली असते, पण माथे शाबूत असू शकतात. पहिली झीज नाण्याची, दुसरी ठशाची. प्रूफ नाण्यावरही हाच नियम चालतो, फक्त बघायला भिंग लागते.

६. मुंबईत पुन्हा पडलेली जुनी नाणी

ठसा झिजण्याची सर्वांत बोधक गोष्ट आपल्या मुंबईतच आहे, आणि संग्राहकांच्या बाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

फोर्ट भागातली टांकसाळीची इमारत १८२४ ते १८२९ या काळात बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन जॉन हॉकिन्सच्या देखरेखीखाली उभी राहिली. वाफेच्या यंत्रांवर तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे आणि पुढे राणी व्हिक्टोरियाचे रुपये पडू लागले. त्या काळचे अनेक ठसे नंतरही जपून ठेवले होते. संग्राहकांनी मागणी केली की मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळी हे जुने ठसे काढून त्यांवरून प्रूफ पद्धतीने नाणी पाडून देत. साल जुने, राजा जुना, नाणे मात्र त्या दिवशी पाडलेले. अशा नाण्यांना रिस्ट्राइक म्हणतात. ही सोय स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९७० च्या सुमारास बंद झाली.

आता ठशाच्या बाजूने विचार करा. पोलाद, तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पडून राहिलेले. गंज चढतो आणि सपाटीवर सूक्ष्म खड्डे पाडतो. त्या ठशातून नाणे पाडले तर प्रत्येक खड्डा नाण्यावर पुटकुळीसारखा वर येतो. पुटकुळ्या नकोत म्हणून ठसा घासला तर घासणीच्या उंच रेषा येतात आणि राणीच्या केसांचे, झग्याच्या नक्षीचे बारीक काम उथळ होते. त्यामुळे कित्येक रिस्ट्राइकवर विलक्षण दृश्य दिसते: आरसा झगझगीत, मूळ प्रूफपेक्षाही झगझगीत, आणि चित्र मात्र अशक्त. कधी तर एका सालच्या पुढच्या ठशाशी दुसऱ्या सालचा मागचा ठसा जोडलेला आढळतो. अशी जोडी त्या काळी कधीच झाली नसती.

लिलावात मूळ प्रूफ आणि रिस्ट्राइक यांच्या किमतींत मोठी तफावत असते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी जाणकार पाहतात ते नाण्याचे वय नव्हे, ठशाचे वय. पुटकुळी कुठे आहे, रेषा कोणत्या दिशेला आहेत, कोणता तपशील गेला आहे. एकाच ठशातून आधी पडलेले आणि नंतर पडलेले नाणे शेजारी ठेवले की झिजेची ही मालिका फिल्मच्या चौकटींसारखी वाचता येते. मला स्वतःला शुद्ध मूळ प्रूफपेक्षा हे दुखरे रिस्ट्राइक जास्त बोलके वाटतात. व्यापारी माझ्याशी सहमत होणार नाहीत.

७. भिंग हातात घेतल्यावर

दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि एकच पिवळा बल्ब पुरतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात चऱ्या दिसत नाहीत. नाणे डबीतून काढू नका. डबीसकट तिरपे करत उजेड नाण्यावरून सरकू द्या.

पहिली तपासणी रेषांची. रेषा उंच आहे की खोल? उजेड एका बाजूने पाडला की उंच रेषेची उजेडाकडची बाजू चमकते, खोल रेषेची पलीकडची. उंच रेषा ठशाच्या घासणीच्या. नाणे जन्मले तेव्हापासूनच्या. खोल रेषा नंतरच्या, कुणीतरी नाणे पुसल्याच्या. आणखी एक खूण: घासणीच्या उंच रेषा चित्राच्या कडेपाशी येऊन थांबतात, कारण घासणी ठशाच्या सपाटीलाच लागते, खड्ड्यात उतरत नाही. पुसल्याचे ओरखडे मोकळी जागा आणि चित्र दोन्हींवरून बेदरकार जातात.

दुसरी तपासणी काठाजवळ. अक्षरांच्या बाहेरच्या अंगाला किरणांसारखी धुरकट झाक दिसली तर ठसा थकला होता. मध्यावर आरसा चांगला आणि काठाशी राखी, हे त्याचे नेहमीचे चित्र.

तिसरी गोष्ट फसवी आहे. एखादी खोल, वळलेली, केसासारखी खूण दिसते आणि ओरखडा वाटतो. ठसा पुसताना फडक्याचा धागा मागे राहिला, तो ठसा आणि चकतीच्या मध्ये दाबला गेला आणि त्याचा आकार उमटला, एवढेच ते असते. त्यात झीज नाही, हात लागलेला नाही, नजरचूक आहे.

आणि आता खारी हवा. नाट्यासारख्या ठिकाणी चांदीच्या नाण्यावर पिवळी, मग तपकिरी, मग निळसर झाक चढते. ती गंधकाच्या अंशामुळे. मिश्र धातूतल्या तांब्यामुळे कधी ठिपके पडतात, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले तर हिरवट चिकट थर येतो. हे सगळे नाण्यावर बसलेले असते, नाण्यात उमटलेले नसते. ओळखायची सोपी रीत म्हणजे झाक कशी पसरली आहे ते पाहणे. हवेचा डाग चित्र आणि पार्श्वभूमी यांत भेद करत नाही, ओहोळासारखा कुठूनही कुठेही जातो. ठशाची झीज चित्राला धरून असते. डबी हवाबंद, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि नाणे लाकडी नसलेल्या, वास न येणाऱ्या खोक्यात, एवढे केले तरी पुष्कळ. चिंच, आमसूल किंवा भांड्यांची पावडर लावून प्रूफ नाणे उजळू मात्र नये. देवघरातल्या समईला जे चालते ते केसाच्या चौदाशेव्या भागाच्या हिशेबाला चालत नाही. एका घासणीत आरसा कायमचा जातो.

राहिला पहिला प्रश्न, एक बाजू लख्ख आणि दुसरी धुरकट असण्याचा. नाण्याला दोन ठसे लागतात आणि ते जोडीने म्हातारे होत नाहीत. ज्यावर उंच चित्र आहे तो लवकर थकतो, कारण तिथे धातूला जास्त धावपळ करावी लागते. त्यामुळे एक ठसा बदलतात तेव्हा दुसरा तसाच राहतो, आणि नव्या-जुन्याची जोडी पुढची काही शे नाणी पाडते. स्मारक नाण्याच्या एका बाजूला बहुधा थोर व्यक्तीचा मोठा चेहरा, दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभ आणि किंमत. विक्रीच्या छायाचित्रात बहुतेक वेळा चेहऱ्याचीच बाजू असते. दुकानातून किंवा दुसऱ्या संग्राहकाकडून घेणार असाल तर दोन्ही बाजूंचे, एकाच दिव्याखाली, तिरपे धरून काढलेले छायाचित्र मागा आणि सालाच्या आकड्यांभोवतीची जागा मोठी करून पाहा.